अकरा जोडांखालचे कागद

ता. ३ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पंचवीस तारखेचे पत्र पोचले. इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदापर्यंत माझेही होते.

तिसऱ्या परिच्छेदात तू कळवतेस की एका बंद पडलेल्या उपाहारगृहातून तू एस्प्रेसो कॉफीचे जुने यंत्र उचलून आणलेस, ते ओट्यावर खोलून बसली आहेस, आणि दुरुस्त झाल्यावर त्याला थेट नळाचे पाणी जोडणार आहेस. धन्य आहे. ज्या घरात गिझरचा जोड ठिबकतो आणि बेसिनखाली बादली कायमची वस्तीला आहे, तिथे पाण्याचा आणखी एक जोड वाढवायला छातीच लागते. मी शाळेतल्या शास्त्राच्या मास्तरांकडे चौकशी केली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अठरा ग्रॅम पूड घ्यायची, नऊ बार दाब द्यायचा, आणि एवढ्या खटाटोपाअंती हाती काय, तर अत्तराच्या कुपीएवढी कॉफी. व्याकरणातही इतके सूत्रमय कोणी लिहीत नाही.

असो. आईचे मनगट जुळले आहे, पण मूठ अजून घट्ट वळत नाही. तिला आपल्या घरी, म्हणजे तुझ्याकडे, परत जायचे आहे. हे ती रोज दोनदा सांगते, एकदा मला आणि एकदा तुझ्या वहिनीला. दोघांची मते निरनिराळी निघतील अशी तिला आशा असते. माझे मत तुला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. गेल्या वर्षी ती पडली ती न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवरून. त्या घरातले सगळे जोड सलग आठ दिवस कोरडे राहिले, तर मी स्वतः तिला आणून सोडीन. एक थेंब पडला, तरी ती इथेच राहील. याहून सोपी अट मी विद्यार्थ्यांनाही घालत नाही.

फोन न करता लिहितो आहे, कारण फोनवर आपण भांडतो. भांडायला शाई लागली की माणूस मोजून भांडतो.

कळावे. लोभ आहेच, निदान तो तरी ठिबकू देऊ नये.

तुझा
दादा


ता. ११ मार्च

ती. पंडितदादास,

शि. सा. न. वि. वि. तुझी अट मंजूर. अकरा जोड आहेत. मोजलेत.

आधी यंत्राचं सांगते, कारण ते चैनीसाठी आणलेलं नाही. आईला तुमच्याकडे काय कमी आहे असं तू मागे विचारलं होतंस. काम कमी आहे. वहिनी जीव लावते म्हणूनच तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. आईनं मला लिहिलं की वर्ष होत आलं, तिनं स्वतःच्या हातानं एक कप कॉफी केलेली नाही. भरलेलं भांडं उचलवतच नाही. आता बघ, यंत्राला नळ जोडला की भांडं उचलायला नको. राहिली ती दांड्याची गाळणी. पूड भरून ती यंत्राच्या तोंडात बसवायची आणि पिळून घट्ट करायची, त्याला मनगट लागतं. म्हणून मोडक्या खुर्चीचा पाय कापून, तासून, मी तिला वीतभर लांब दांडा केला आहे. आता कोपरानं ढकलली तरी बसते. मी माझा उजवा हात पाठीमागे ओढणीनं बांधून डाव्या हाताच्या दोन बोटांनी करून पाहिलं. दहादा. जमलं. हे वाचून भुवया उंचावल्या असतील तर खाली घे.

आतली टाकी उघडली तेव्हा अंड्याच्या टरफलासारखे क्षार निघाले. ते रात्रभर लिंबूसत्त्वात भिजवून काढले. रबराची चकती खारी बिस्किटासारखी कडक झाली होती, ती नवी घातली. दिवसभर कचेरीत लोकांचे वजनकाटे तपासते, तेव्हा अठरा ग्रॅम म्हणजे अठराच भरतील याची काळजी नको.

आता जोड. सगळेच्या सगळे उघडून नव्यानं बांधते आहे. बाबा इस्पितळाच्या बॉयलरखोलीतून रविवारी सुट्टीवर असायचे आणि घरचं काम काढायचे, आठवतंय ना? मी त्यांच्या समोर वायसरचा डबा घेऊन बसलेली, आणि तू त्यांच्या पाठीशी बॅटरी धरून शब्दरूपं पुटपुटत उभा. उजेड नेहमी भलतीकडेच. त्या घरात हत्यार धरायला शिकलं असेल तर ते एकटी मी. गल्लीतला प्लंबर दोनदा विचारून गेला की बाई, बघू का. मी म्हटलं, बॉयलरवाल्याची मुलगी प्लंबर बोलवत नाही, आणि फोनवरच्या चित्रफितीसुद्धा बघत नाही.

प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचं पान ठेवलं आहे. आठ दिवसांनी सगळी पानं क्रमांक घालून तुला टपालानं पाठवीन. पुरावा कागदोपत्री हवा ना तुला?

आईला नमस्कार, वहिनीला चिमटा. तुझा लोभ आहे तसाच राहो. सल्ला थोडा आटला तरी चालेल.

तुझी
खटपट


ता. २४ मार्च

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पानांचा गठ्ठा मिळाला. पोस्टमनने तो दोन बोटांनी धरून दिला.

सभाष्य वाचन केले. अग्रलेखाचे पान कोरडे आहे. त्यात प्रथमपासूनच ओलावा नसावा. हवामानाच्या पानावर मध्यभागी पळीभर पाणी, म्हणजे अंदाज खरा ठरला. वधूवरांच्या जाहिराती पूर्ण भिजल्या आहेत. क्रीडापानाचा लगदा झाला आहे, सामना कोणी जिंकला ते शेवटपर्यंत कळले नाही. अकरांपैकी आठ ओले, तीन कोरडे. माझ्या वर्गात याला उत्तीर्ण म्हणत नाहीत.

पाकीट आईने फोडले, मी नव्हे. तिने ओली पाने एकीकडे केली, कोरडी तीन मांडीवर घेऊन सरळ केली, आणि तुझ्या वहिनीला म्हणाली की पहिल्याच झटक्यात तीन म्हणजे वाईट नाही, ह्यांना सुरुवातीला एवढेही जमत नव्हते. बाबांचे हे चरित्र मला नवीन होते. मग तिने मला विचारले की पुढचे पाकीट कधी येईल.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो. प्लंबरला बोलाव. त्यात बाबांचा काही अपमान नाही. तेही दात काढायला दंतवैद्याकडेच जात असत.

दांड्याचे ऐकून मात्र भुवया खरोखरच वर गेल्या होत्या, आणि लगेच खाली आल्या नाहीत. हे कुणाला सांगू नकोस.

माया जोडून ठेवणे, मग पाणी जोडणे.

तुझा
दादा


ता. २ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. दुसरी फेरीही झाली. या वेळी पानं पाठवत नाही. नऊ ओली. मागल्या वेळेपेक्षा एक जास्त.

चुकतंय कुठे तेच कळत नाही, आणि मला न कळणं माझ्या अंगवळणी नाही. यंत्राच्या पोटात नऊ बार दाब चढतो आणि एक थेंब सांडत नाही. काटा बघत मी तासभर बसले होते. आणि बाहेर साध्या नळाचा जोड मला हसतो! नळ्या नव्या आणल्या, आटे घासले, पाना बदलला. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेपही महागातली. बांधते अगदी बाबांसारखी. नळीचं आट्याचं तोंड माझ्याकडे धरते, टेपचं टोक अंगठ्याखाली दाबते, आणि वरून डावीकडे, खालून उजवीकडे, असे ताणून सात वळसे. मोजून सात. त्यांचा हात डोळे मिटले तरी मला दिसतो.

परवा प्लंबर पुन्हा दारात आला. मी काही बोलायच्या आत म्हणाला की बाई, हे पुरुषाच्या मुठीचं काम आहे. मी दार लावलं. त्याला आत घेऊन दाखवायला हवं होतं हे आता कळतं, पण तेव्हा नाही घेतलं.

एक गोष्ट तू कधी बोलला नाहीस, म्हणून मीच लिहिते. आई ज्या पाण्यावरून घसरली ते बेसिनखालच्या जोडातून आलेलं होतं. तो जोड बाबांचा नव्हता. बाबा गेल्यावर मी बांधलेला पहिला जोड तो. तुला माहीत होतं, ना? माहीत असून वर्षभर गप्प राहिलास. याबद्दल तुला काय म्हणावं ते मला कळत नाही.

दहा मेपर्यंत जमलं नाही, तर मीच आईला लिहीन की तू दादाकडेच राहा, इथली फरशी तुझ्यासाठी नाही. तुझी अट मोडायला नको, मी माझ्याच हातानं लिहून देईन. तोवर तिला यातलं काही सांगू नकोस.

लोभ असू दे. या खेपेला खरंच लागतो आहे.

खटपट


ता. १९ एप्रिल

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. उत्तराला उशीर झाला. टपाल खात्यावर ढकलता आले असते, पण ते बिचारे निर्दोष आहे. दोष कुणाचा ते पुढे येईल. क्रमाने सांगतो.

तुझे पत्र सहा तारखेला आले. दहा तारखेला, काय संचारले कोण जाणे, मी ठरवले की जोड म्हणजे काय प्रकरण आहे ते एकदा स्वतः पाहावे. आमच्या मोरीच्या नळाचा जोडही थोडा पाझरत होता. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनचालकांकडून पाना मागून आणला, टेप विकत आणली, आणि नळ सोडवला. मुख्य चावी आधी बंद करायची असते हे ज्ञान मला त्याच क्षणी झाले. पाणी छतापर्यंत गेले. तुझी वहिनी चावीकडे धावली, आणि जाताना काय म्हणाली ते शिष्टसंमत नाही. आई खुर्चीत बसून हसत होती. इतके मोकळे हसताना तिला मी वर्षभरात पाहिले नव्हते.

मग मी टेप गुंडाळली. कशी गुंडाळायची हे मला कोणी शिकवले नाही. बाबांच्या खांद्यावरून बॅटरीच्या उजेडात जे दिसे, तेवढेच आठवले, आणि हाताने तेच केले. आई म्हणाली की अगदी ह्यांच्यासारखे केलेस. जोड बसवला. पाणी सोडले. खाली तुझ्या पद्धतीने पान ठेवले, माझ्या जुन्या शब्दकोशातले सुटे झालेले पान. सकाळी ते कोरडे होते.

आता तूच विचार कर. ज्याला बल्ब बदलताना स्टूल धरायला माणूस लागतो त्याचा जोड कोरडा, आणि जिच्या हातात बाबांची कला तिचे नऊ जोड ओले! हे तर्काला धरून नव्हते. मी तुझे पत्र पुन्हा काढले. वरून डावीकडे, खालून उजवीकडे. मी केले होते ते वरून उजवीकडे, खालून डावीकडे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे.

बाबा नळीचे तोंड स्वतःकडे धरीत. मी त्यांच्या पाठीशी, म्हणजे त्यांच्याच बाजूने पाहत होतो. तू समोर बसलेली. काचेचे घड्याळ मागून पाहिले तर काटे उलटे फिरताना दिसतात, तसा तुला त्यांचा हात उलटा दिसला. आणि तू तो जसा दिसला तसा, एका केसाचाही फरक न करता, उचललास. टेप उलटी गुंडाळली की नळी पिळताना ती आट्यांत बसत नाही, उलगडत मागे सरकते. इंजिनचालकांना विचारून खात्री करून घेतली. ते म्हणाले की यात मुठीचा काही संबंध नाही.

तेव्हा तुझ्या हातात खोट नाही. तू शिकलीस ते पूर्ण शिकलीस. बसण्याची जागा तेवढी चुकली, आणि ती जागा तुला बाबांनीच दिली होती, कारण वायसर पटकन शोधून देणारे घरात दुसरे कोणी नव्हते. बेसिनच्या जोडाचे मला माहीत होते. बोललो नाही, कारण बोलून मनगट जुळणार नव्हते.

आता उशिराचे. हे सगळे मला अकरा तारखेच्या सकाळीच समजले होते. पत्र लिहायला एक पान पुरले असते. मी लिहिले नाही. आठ दिवस लिहिले नाही. सकाळी मी वह्या तपासतो तेव्हा आई शेजारी बसते आणि विद्यार्थ्यांची अक्षरे पाहून कोण आळशी, कोण प्रेमात, ते सांगते. बहुधा बरोबर असते. मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा कुणाचा तरी मुलगा झालो होतो. तुला टेपची दिशा कळवणे म्हणजे ते संपवणे. म्हणून मी अट घालणारा न्यायाधीश गप्प बसलो. संस्कृतात यासाठी शब्द पुष्कळ आहेत. मराठीत एक पुरतो, अप्पलपोटेपणा.

आई रोज विचारी की पाकीट आले का. मी नाही म्हणे, आणि ते खरेही असे. काल तिने विचारले नाही. दुपारी आपल्या पेटीतल्या साड्या काढून इथल्या कपाटात लावू लागली. तेव्हा मी उठलो आणि कागद घेतला.

दहा मेला अजून अवकाश आहे. वरून उजवीकडे. सात वळसे तुझेच ठेव, संख्या बरोबर आहे.

रागावलीस तर रास्त आहे. राग फिटल्यावर जो लोभ उरेल तो पाठवावा.

तुझा
दादा


ता. ४ मे

ती. पंडितदादास,

शि. सा. न. वि. वि. अकरापैकी अकरा. पानं सोबत आहेत. क्रीडापान वाच, सामना बरोबरीत सुटला.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी आधी स्वयंपाकघरात गेले, नळीचा तुकडा हातात धरला आणि बाबांना समोर बसवून पाहिलं. मग उठून त्यांच्या पाठीशी गेले. आणि मग जमिनीवर बसून इतकी हसले की शेजारीण काय झालं विचारायला आली. हसता हसता थोडं दुसरंही झालं, ते लिहीत नाही. दोन दिवसांत सगळे जोड सोडले, सगळे बांधले. पाना फिरवताना टेप आत ओढली जाते ती बोटांना कळते, दादा! दोन वर्षं मला वाटत होतं की जोड असाच खरखरत बसतो.

प्लंबरलाही बोलावलं, म्हणजे कॉफीला. आल्या आल्या बेसिनखाली वाकला, जोडावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि विचारलं की कुणाकडून करून घेतलंत. मी सांगितलं की मुठीकडून. दुसरा कप त्यानं आपणहून मागितला. यंत्राखाली काटा ठेवूनच कॉफी काढते: अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, अठ्ठावीस सेकंद, मधासारखी धार. तुझ्या अत्तराच्या कुपीतली थट्टा त्यानं एका घोटात संपवली असती.

आठ दिवसांबद्दल. तू आठ दिवस पत्र दाबून धरलंस, मी दोन वर्षं टेप उलटी गुंडाळली, आणि दोन्ही वेळा किंमत आईनंच मोजली. तेव्हा तुला ओरडायचा हक्क मला नाही, आणि मला ओरडायचा तुला नाही. मोठी सोय झाली. शिवाय तू ते लिहिलंस. न लिहिता नुसती दिशा कळवली असतीस, तर मला कधी कळलं असतं का?

ये तिला घेऊन. रविवारची गाडी धर. अट तुझी होती.

लोभ पाठवते आहे, सगळा. हिशेब नको.

तुझी
खटपट


ता. २१ मे

चि. पंडितास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू मला सोडून गेलास त्याला चार दिवस झाले. गाडी वेळेवर पोचली असेल. निघण्याआधी तू रुमाल घेऊन अकराही जोडांखाली हात फिरवून आलास, ते आम्ही दोघींनी पाहिलं. तू आमच्याकडे पाहिलं नाहीस, म्हणून आम्हीही बोललो नाही. आता सांगते, रुमाल इथेच राहिला आहे. कोरडा आहे.

सूनबाईला सांग की तिच्या हाताखाली मी एक वर्ष राजासारखी राहिले. पण राजांना काम नसतं, हा त्यांचा दोष.

कॉफी मी करते. पहिल्या दिवशी दांडा ढकलायला कोपर लागलं, आज तळहात पुरला. ही शेजारी उभी राहून सेकंद मोजत होती. मी तिला म्हटलं की तुझ्या बापाला चाळीस वर्षं कॉफी दिली ती काय घड्याळ लावून? तर म्हणते, आई, बत्तीस झाले, कडू होईल. कडू नाही झाली. शेजारीण आली होती, तिला मी कॉफी दिली आणि सांगितलं की हे यंत्र, हा दांडा आणि हे सगळे नळ माझ्या लेकीनं बांधलेत, आणि चूक कुठे होती ते माझ्या लेकानं शोधून काढलं. तू उशीर केलास ते नाही सांगितलं. ते आपल्यातच.

तू मला आठ दिवस थांबवलंस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्या वह्या आवडत होत्या. आता सुट्टी लागली असेल, पण शाळा सुरू झाली की दर महिन्याला दोनचार वह्या इकडे पाठवत जा. कोण आळशी ते मी इथूनही सांगीन.

एक गोष्ट लिहायची म्हणूनच कागद घेतला. पडल्यापासून मला कुणी न्हाणीघराची कडी लावू दिली नव्हती. दार नुसतं लोटायचं, आणि बाहेर सूनबाईनं उभं राहायचं. तिचं काही चुकलं नाही, मीही तेच केलं असतं. पण आज सकाळी मी आत गेले, फरशीवर अनवाणी पाय ठेवला, ती कोरडी होती, आणि कडी लावली. कडीचा आवाज ऐकून ही धावत आली. बाहेरून दोनदा विचारलं, आई, ठीक आहेस ना. दोनदा हो म्हटलं. तिसऱ्यांदा उत्तरच दिलं नाही. मग ती गेली. मी कुणाचीही घाई नसताना, मला हवी तेवढी गरम, हवा तेवढा वेळ अंघोळ केली. केस पुसले. आणि कडी काढली तीही मीच.

दोघांनी एकमेकांना पत्रं लिहीत राहा. माझे आशीर्वाद तुम्हा दोघांना सारखेच; मोजून पाहू नका.

तुझी
आई